तुलनात्मक तक्ता आणि अठरा मिनिटांचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र शितप यांच्या मोबाइलने ज्या दिवशी आपल्या पोटात आता जागा नाही असं जाहीर केलं, त्या दिवशी घरात दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकालाच या गोष्टीचं दुःख झालं. दुसऱ्या माणसाने, म्हणजे त्यांच्या पत्नी रेणुकावहिनींनी, कोळंबी सोलता सोलता मान वर न करता सांगितलं, "मग नवीन घ्या."

इतकं सोपं असतं होय! ज्या माणसाने एका सरकारी कार्यालयाच्या भांडारात चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत टाचण्यांची पेटीसुद्धा तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता आणि वरच्याची सही झाल्याशिवाय आत घेतली नाही, त्याने उठावं, दुकानात जावं आणि फोन घेऊन यावं? हरिभाऊंना ही सूचना ऐकूनच कसंतरी झालं.

"आधी आहे त्यात जागा होते का ते बघू," ते म्हणाले.

आता जागा करायची म्हणजे नको असलेलं काढायचं. रेणुकावहिनींच्या मते नको असलेलं म्हणजे रोज सकाळी येणारी फुलं, कपबश्या, उगवते सूर्य आणि त्यांच्याखालचे सुविचार. पण भांडारातली तुटकी खुर्चीसुद्धा मनात आलं म्हणून फेकता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं. म्हणजे समिती बसते, समिती खुर्ची बघते, खुर्ची खरोखर तुटली आहे असं लिहून देते, मग ती भंगारात जाते. हरिभाऊंनी दोन सदस्यांची समिती नेमली. पहिल्या संध्याकाळी समितीने बहात्तर गुलाब तपासले. त्यातले अकरा काढले, बाकीचे 'अद्याप वापरण्याजोगे' ठरले. दुसऱ्या संध्याकाळी सूर्य घेतले. तिसऱ्या संध्याकाळी समितीच्या महिला सदस्या, "मला मालिका बघायचीये," असं म्हणून उठून गेल्या त्या परत आल्या नाहीत. एकट्या अध्यक्षाला काढून टाकण्याचे अधिकार नसल्यामुळे काम तिथेच थांबलं.

खरं सांगायचं तर गुलाबांसाठी कुणाचा जीव अडला नव्हता. या सगळ्या फुलांच्या तळाशी एक वस्तू होती, आणि हरिभाऊंचा जीव तिच्यात अडकलेला होता. सखारामकाकांचं गाऱ्हाणं. अठरा मिनिटं.

हरिभाऊंचं गाव तळेकोंड. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली की शितपांच्या घरातल्या वडील माणसाने पुढे उभं राहून देवांना एकेका नावाने हाक मारायची, गावाचं मागणं त्यांच्या कानावर घालायचं, आणि दर वाक्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. देव सत्तावीस. क्रम ठरलेला. एकेक देव एकेका वाडीचा, त्यामुळे एखादा गळला तर देव एकवेळ समजून घेतो, वाडी घेत नाही. हरिभाऊंच्या आजोबांकडून एकदा वरच्या वाडीची वाघजाई राहून गेली, तर वरच्या वाडीने दोन वर्षं पालखीला खांदा दिला नाही.

गेली तीस वर्षं हा मान हरिभाऊंच्या धाकट्या काकांकडे, सखारामकाकांकडे होता. गेल्या नवरात्रात काका गेले, आणि तो आता हरिभाऊंवर येऊन पडला होता. शिमगा दोन महिन्यांवर. हरिभाऊंनी पाठांतर करून पाहिलं होतं. सातव्या देवापर्यंत गाडी बरी जायची, तिथून पुढे त्यांना देवांऐवजी कार्यालयातल्या जुन्या साहेबांची नावं आठवायची. कागदावर उतरवून काढावं, तर गाऱ्हाणं लिहायचं नाही असा घराण्याचा दंडक. लिहिलं की त्यातला जीव जातो म्हणे. मात्र रेकॉर्डिंगबद्दल पूर्वजांनी काहीच आदेश काढलेला नव्हता. ही पळवाट हरिभाऊंनी काका असतानाच हेरली होती आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना ओटीवर बसवून अख्खं गाऱ्हाणं फोनात घेतलं होतं. बेत असा की वेळ आलीच तर टोपीखाली कानात इअरफोनचं बोंडूक घालायचं, काका बोलतील तसं मागून बोलत जायचं.

त्यात काकूचा फोन आला. सगुणाकाकू गावीच एकटी असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हरी, ह्यांचा आवाज हाय ना रे तुज्या फोनात? शिमग्याला येशील तवा ऐकव मना एकदा."

"ऐकवतो की," हरिभाऊ म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी तो जुना मोबाइल तळहातावर घेऊन पाहिला. तो हल्ली मध्येच गरम व्हायचा, मध्येच आपला आपण बंद पडायचा. खरेदी अटळ होती.

वरच्या मजल्यावर सम्यक कांबळे राहतात, हायस्कूलला विज्ञान शिकवतात. त्यांना हरिभाऊंनी सल्ल्यासाठी बोलावलं, ही पहिली चूक. शिक्षक माणूस, त्यांनी फळ्यावर लिहावं तसं सगळं समजावून दिलं. "काका, तीन गोष्टी बघा. एक, अंग कशाचं आहे. काच, धातू की प्लास्टिक. दोन, साठवण किती. एकशे अठ्ठावीस लिहिलेलं असतं, हातात शंभरच्या आसपास येतं, बाकीचं त्याचं त्यालाच लागतं. आणि तीन, क्लाउड."

"घट धरायची असते, ते कळलं," हरिभाऊ म्हणाले. तांदळाच्या पोत्यापासून डिझेलच्या पिंपापर्यंत त्यांनी आयुष्यभर घट धरली होती. "पण क्लाउड म्हणजे?"

"तुमच्या वस्तू तुमच्या फोनात न ठेवता दूर कुठेतरी मोठ्या भांडारात ठेवायच्या. लागतील तेव्हा मागवायच्या."

हरिभाऊ गंभीर झाले. मुख्यालयाचा अभिलेख कक्ष त्यांनी पाहिलेला होता. तिथे पाठवलेली फाइल मागवली की आधी ती कुठली ते विचारणारं पत्र यायचं, मग त्या पत्राचा संदर्भ विचारणारं पत्र यायचं, आणि फाइल आली तर ती दुसऱ्याच कुणाचीतरी असायची. त्यांनी वहीत तीन रकाने आखले आणि तिसऱ्या रकान्यात 'शंकास्पद' असं लिहून ठेवलं.

अंगाच्या बाबतीत दुसरं मत रघूचं. रघू पूर्णगडचा, मोटारसायकलच्या मागे बर्फाचा खोका बांधून दारोदार मासे विकतो. त्याच्या बापाची होडी लाकडी होती, त्याची फायबरची, त्यामुळे कुठली वस्तू कशाची असावी यावर त्याची मतं ठाम. "भाऊ, धातू खारं वारं खातं. काच दिसायला साजूक, पन कोळंबीच्या हातात टिकल काय? पलास्टिक घ्या, पलास्टिक. बुडलं तरी वर येतं." फोन वर येऊन उपयोग काय, हा प्रश्न हरिभाऊंनी विचारला नाही. त्यांनी फक्त नोंद केली.

मग कोटेशनं. पहिल्या दुकानात हरिभाऊंनी शिक्क्यासह दरपत्रक मागितलं, तर काउंटरवरच्या मुलीने त्यांना शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं. दुसऱ्या दुकानात वही, चष्मा आणि खिशातली दोन पेनं बघून तिथल्या गृहस्थाला वाटलं हे कुठल्यातरी तपासणीचे साहेब. त्याने पंखा लावला, चहा मागवला, आणि मालक परगावी गेलेत असं तीनतीनदा सांगितलं. मागे भिंतीवर मालकाचा हार घालतानाचा मोठा फोटो होता. तो हाच गृहस्थ होता.

तिसरं दुकान राम आळीतलं, सर्वेशचं. सर्वेश पस्तिशीतला, धंद्यात मुरलेला. त्याने हरिभाऊंना बसवून घेतलं, वडिलांच्या छत्रीच्या दुकानाचं उरलेलं पत्रक काढलं, त्यावर दर लिहून शिक्का मारला आणि विचारलं, "काका, अजून दोन पण लागत असतील ना?" मग त्यानेच दुसऱ्या दोन पेनांनी, दोन वेगळ्या अक्षरांत आणखी दोन दरपत्रकं लिहून दिली, थोडे जास्त दर लावून. हरिभाऊंना नोकरीतले दिवस आठवून गहिवरून आलं.

"पण चाचणी झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही," ते म्हणाले.

चाचणी त्यांनी स्वतः शोधून काढली होती. गाऱ्हाण्याची फाइल दर फोनात घालायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, आणि मध्ये कुठे काही गळतं का ते बघायचं. चाचणी झाली की ती त्या फोनातून पुसून टाकायची, कारण घराण्याचा माल परक्या भांडारात ठेवायचा नाही.

"काका, फाइल आहे ती," सर्वेश म्हणाला. "सांडायला ते तांदूळ आहेत का?"

"गोणीवर पन्नास लिहिलेलं असतं. मोजल्याशिवाय मी घेतलेलं नाही कधी."

फोन नऊ. प्रत्येकी अठरा मिनिटं. मध्येच गिऱ्हाईक आलं आणि हरिभाऊंचं लक्ष उडालं तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम पाच दिवस चाललं. रोज दहाला दुकान उघडायचं आणि सव्वादहाला सखारामकाका राम आळीत बोलायला लागायचे. "बा देवा म्हाराजा, तळ्याकाठच्या नवलाई माते, तुजी लेकरं आज गोळा झालीत..." काकांचा आवाज मोठा, जरा खरखरीत, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी सर्वेश एका फोनचं झाकण उघडता उघडता नकळत 'व्हय म्हाराजा' म्हणाला, आणि मग त्याला ते थांबवताच येईना. चौथ्या दिवशी चार्जर घ्यायला आलेल्या एका बाई बाहेर चपला काढून आत आल्या आणि चाचणी संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. चार्जर घ्यायचा राहिलाच त्यांचा.

त्या रेकॉर्डिंगमध्ये देवांखेरीज आणखीही काही होतं. अकराव्या देवानंतर काका तीनदा खोकतात. सोळाव्यानंतर तर ते साफ थांबतात आणि सतराव्या देवाला ताटकळत ठेवून म्हणतात, "सगुणा, चाय ठेव गो. आनि साखर घाल चमचाभर, कोन बगत न्हाय." आतून काकूचा आवाज येतो, "साखर मिळायची न्हाय!" मग काकांचा लांबलचक सुस्कारा, आणि पुढचा देव. काकांना गोड बंद होतं. चिपळूणच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, आणि काकूने पुढची दहा वर्षं त्यांच्या कपात साखरेचा कण पडू दिला नाही.

दुकानात या जागी रोज हशा पिकायचा. सर्वेश म्हणाला, "काका, एवढा तुकडा कापून टाकू का? दोन मिनिटांचं काम."

"मूळ दस्तऐवजात खाडाखोड?" हरिभाऊ दचकले. "माझी पेन्शन बंद करायचीये का तुला?"

नऊही फोन चाचणीला उतरले. एकातूनही देव गळला नाही. त्यामुळे अर्थातच निर्णय जास्तच कठीण झाला, आणि सगळा भार अंगाच्या रकान्यावर आला. सर्वेशने दुरुस्तीच्या खणातून तीन झाकणं काढून दिली, एक काचेचं, एक धातूचं, एक प्लास्टिकचं. "ही घरी न्या आणि काय करायचं ते करा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडी विनवणी होती.

हरिभाऊंनी ती सोसायटीच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर मांडली. चिऱ्याचा गडगा, वरून जरा उतरता. हाताला खोबरेल लावून कुठलं किती निसटतं, पाणी शिंपडून कुठलं किती घसरतं, असा सगळा प्रयोग. सम्यकसर गॅलरीतून सूचना देत होते. "काका, तुलनेसाठी एक ओळखीची वस्तू शेजारी ठेवा. प्रयोगात तशी ठेवतात." हरिभाऊंना ते पटलं. त्यांनी ओळखीची वस्तू म्हणून आपला जुना मोबाइल गडग्यावर ठेवला.

काच सरकली नाही. धातू सरकला नाही. प्लास्टिक जागचं हललं नाही. ओळखीची वस्तू मात्र सावकाश, कुणाला घाई नसावी तशी उतरणीला लागली आणि गडग्याच्या पलीकडे गेली. पलीकडे रघूची मोटारसायकल उभी होती. खोक्याचं झाकण उघडं होतं, कारण रघू रेणुकावहिनींना बांगडे दाखवत होता.

"भाऊ!" रघू ओरडला. "तुमचा फोन बांगड्यांत गेला!"

बर्फाच्या पाण्यातून फोन वर काढेपर्यंत त्याचा पडदा काळा झाला होता. रघूच्या सिद्धांताप्रमाणे तो वर आलाच नाही. हरिभाऊ मटकन पायरीवर बसले. "गेले," ते म्हणाले. "काका दुसऱ्यांदा गेले." आणि एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. रेणुकावहिनींनी महिन्याभराचा सगळा राग बाजूला ठेवला, फोन पुसला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. "काही होत नाही. आणि यापुढे गडग्यावर मला बसवा, पण फोन ठेवू नका."

दोन दिवसांनी सर्वेशने फोन उघडून, सुकवून, नवा पडदा जोडून त्याला तासाभरापुरता जागा केला. "काका, ह्याचा काही भरवसा नाही. आहे तेवढ्यात सगळं क्लाउडवर चढवतो."

"अभिलेख कक्षात?"

"हा चोवीस तास उघडा असतो. सुट्टी नाही, शिपाई नाही."

हरिभाऊंनी जीव मुठीत धरून मान हलवली. नवा फोन कुठला घ्यायचा याचा निर्णयही त्याच घटकेला लागला. महिनाभर आखलेल्या तक्त्याकडे न बघता सर्वेशने समोर होता तो उचलला. मागून काच, कडेने धातू. आणि पाहता पाहता त्याने त्यावर एक प्लास्टिकचं कव्हर चढवलं, त्यामुळे काच झाकली, धातू झाकला, आणि हातात आलं ते प्लास्टिकच. रघूचं म्हणणं शेवटी खरं झालं. हरिभाऊंनी वहीतलं ते पान हळूच दुमडलं.

भांडाराचं दार उघडायला मात्र आणखी दीड तास गेला. नवा फोन म्हणाला, तुम्हीच हरिश्चंद्र शितप कशावरून? खात्री पटवायला जुन्या फोनवर 'होय' दाबा. तर जुना फोन तेवढ्यात कायमचा विझला होता. मग म्हणाला, संकेतशब्द द्या. तो हरिभाऊंनी सुरक्षित राहावा म्हणून जुन्या फोनातच लिहून ठेवला होता. शेवटी जुन्यातलं सिमकार्ड नव्यात घातलं, ओटीपीचा अंकी निरोप आला, आणि दार उघडलं. "मी मी आहे हे माझ्या बायकोनेसुद्धा इतकं तपासलं नव्हतं," हरिभाऊ कपाळ पुसत म्हणाले.

यादीत गाऱ्हाणं दिसलं. त्यांनी लावून बघितलं. "बा देवा म्हाराजा..." दुकानातली चार माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"आता एक प्रत फोनात पण उतरवून ठेवतो," सर्वेश म्हणाला.

इथे नियतीने हरिभाऊंना एक शेवटची संधी दिली होती. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. "म्हणजे वस्तू एक आणि नोंद दोन भांडारांत?" त्यांनी विचारलं. "अजिबात नको. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच येतो."

"अहो काका, कोण येतंय तुमचं लेखापरीक्षण करायला?"

"असं सगळेच म्हणतात," हरिभाऊ म्हणाले.

शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं तळेकोंडला पोहोचली. उतरल्या उतरल्या हरिभाऊंनी फोन तपासला. रेंजच्या दोन काड्या होत्या, काका व्यवस्थित बोलत होते. काकू चुलीपुढे पुरणात गुंतलेली. "उद्या पालखी बसली की निवांत ऐकव," ती म्हणाली. "आता मना फुरसत न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. हरिभाऊ धुवट धोतर, टोपी, टोपीखाली डाव्या कानात बोंडूक अशा थाटात पुढे झाले. समोर सगळं तळेकोंड, आणि मुंबईहून आलेले तीनशे चाकरमानी. त्या तीनशेंनी त्याच क्षणी तीनशे फोन वर केले आणि मुंबईत राहिलेल्या नातेवाइकांना पालखी थेट दाखवायला सुरुवात केली. हरिभाऊंनी खिशात हात घालून बटण दाबलं.

कानात काहीच आलं नाही. त्यांनी फोन किंचित वर काढून पाहिला. पडद्यावर एक वर्तुळ गोल गोल फिरत होतं. काड्या शून्य. गावाला येणारी सगळी रेंज त्या तीनशे माणसांनी ओढून घेतली होती, आणि काका होते दूरच्या कुठल्यातरी भांडारात, सुखरूप, एकाच नोंदीवर. हरिभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की असता एखादा आक्षेप आपल्या नावावर तर काय बिघडलं असतं.

"हरी," गावकर बाबल्या जवळ येऊन म्हणाला, "देव खोळंबलेत रे. म्हन."

कपाळावरचा घाम भुवयांपर्यंत आला. उजवीकडे वरची वाडी हाताची घडी घालून उभी होती. तिने अजून वाघजाई माफ केलेली नव्हती. काहीतरी म्हणायचं म्हणून हरिभाऊंनी पहिलं वाक्य म्हटलं. तेवढं येत होतंच.

"बा देवा म्हाराजा, तळ्याकाठच्या नवलाई माते, तुजी लेकरं आज गोळा झालीत..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

आणि त्या गर्जनेच्या पाठोपाठ दुसरं वाक्य आपसूक तोंडात आलं. मग तिसरं. राम आळीत असंच यायचं, सर्वेश 'व्हय म्हाराजा' म्हणाला की लगेच काका पुढचं बोलायचे. सातवा देव आला आणि गेला, एकही साहेब आठवला नाही. हरिभाऊंनी डोळे मिटून घेतले, न जाणो, उघडले तर सांडायचं. अकराव्या देवानंतर ते तीनदा खोकले.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

बारावा. तेरावा. आवाज काकांसारखाच शेवटाला वर चढायला लागला होता. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. सोळावा देव झाला, आणि काय होणार हे हरिभाऊंच्या ध्यानात येईपर्यंत त्यांचं तोंड पुढे निघून गेलं होतं.

"सगुणा, चाय ठेव गो. आनि साखर घाल चमचाभर, कोन बगत न्हाय!"

"व्हय म्हाराजा!" तीनशे चाकरमान्यांसकट अख्ख्या तळेकोंडने दिलखुलास अनुमोदन दिलं.

हरिभाऊ थांबले. इथे काकूचा नकार यायचा असतो, पाच दिवस तो रोज यायचा. त्यांनी डोळे उघडले. बायकांच्या रांगेत काकू नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. शेजारी रेणुकावहिनींनी तिचा दंड धरला होता. काकू हरिभाऊंकडे बघत होती, की त्यांच्या जरा मागे कुठेतरी, ते कळत नव्हतं. तिच्याकडून नकार आला नाही. हरिभाऊंनी काकांचा तो लांबलचक सुस्कारा सोडला आणि सतरावा देव घेतला.

वाघजाई बाविसावी. ती आली तेव्हा वरच्या वाडीने हाताची घडी सोडली. सत्तावीस देव झाले, पालखी उठली, वरच्या वाडीने आपणहून खांदा दिला. बाबल्याने हरिभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "झकास! हुबेहूब सखाराम. पन ती साखर कंच्या वाडीकडनं द्यायची म्हनतोस? पुढल्या वर्षी काढून ठेवायला हवी."

"विचारून सांगतो," हरिभाऊ म्हणाले. सहाणेच्या कडेला चिऱ्यावर ते टेकले, टोपी काढली, कानातलं मुकं बोंडूक काढून खिशात टाकलं. आपण केवढे मूर्ख आहोत हे त्यांना एकदम स्वच्छ दिसलं, आणि गंमत म्हणजे त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

गर्दीतून वाट काढत काकू आली. हातात कपबशी.

"काकू, ऐकवायचं राहिलं गं," हरिभाऊ ओशाळून म्हणाले. "रेंज आली की लगेच..."

"ऐकलंय," काकू म्हणाली. "घे."

हरिभाऊंनी घोट घेतला आणि दचकून कपात बघितलं. काकूच्या घरात दहा वर्षांत असा चहा झाला नव्हता. "काकू, हा तर..."

"ह्यांनी चमचाभर मागितलेली," काकू म्हणाली. "मी दोन चमचे घातलीय. पी गप."